पावा नावाचा फिल्टर

हवाई बेटावरच्या मौना केआ डोंगरावर दुर्बिणीची रात्रपाळी संपत आली की सगळ्यात घाईचं काम उरतं ते फ्लॅट घेण्याचं. कॅमेऱ्याचा प्रत्येक पिक्सेल उजेडाला सारखी दाद देत नाही. ती तफावत काढायला उजळत्या आकाशाच्या कोऱ्या फ्रेम लागतात. लवकर सुरुवात केली तर फ्रेममध्ये तारे येतात, उशीर झाला तर सगळं पांढरंफटक. त्यात हे बेट साधारण मुंबईच्याच अक्षांशावर, म्हणजे झुंजूमुंजू कधी झालं आणि उजाडलं कधी, पत्ताच लागत नाही.

त्या पहाटे ढगांची शंका होती म्हणून आमची ऑपरेटर घुमटाबाहेरच्या कठड्यावर जाऊन आली. 4,200 मीटरवर एक जिना चढला तरी धाप लागते. ती खुर्चीत टेकली, दम घेतला आणि हवाईयनमध्ये म्हणाली, "मोकू का पावा." पावा म्हणजे पहाटेआधीचा काळोख, तो तुटला. माझ्या पडद्यावर आकाशाच्या उजेडाचा आकडा अजून रात्रीचाच होता. थोड्या वेळाने तो हलला.

मग धावपळ. आधी लाल फिल्टर, मग हिरवा. अतिनील सगळ्यात शेवटी, कारण त्याला भरपूर उजेड लागतो. एक्स्पोजर तीस सेकंदांवरून उतरत दोनवर. फ्रेम डाउनलोड होईतो तिने बाकीचे शब्द सांगितले: वनाआओ म्हणजे पहाट, अलाउला ही क्षितिजावरची लाली, शब्दशः ज्वाळांची वाट, आणि ती सूर्यास्तालाही चालते, कातरवेळेला मोलेहूलेहू.

1896 च्या कायद्याने तिथल्या शाळांचं माध्यम इंग्रजी झालं. तिच्या आजीने पुढे मुलांशीही हवाईयन बोलणं सोडलं. 1978 मध्ये ती राज्याची अधिकृत भाषा झाली आणि ही नात पुनाना लेओच्या हवाईयन माध्यमाच्या बालवाडीत ती शिकली. 2019 मध्ये तीस मीटरच्या नव्या दुर्बिणीला विरोध करत याच डोंगराच्या रस्त्यावर बसलेल्यांत तिची मावशी होती. त्या प्रकल्पात आमच्या पुण्याची आयुका ही खगोलशास्त्राची संस्थाही आहे, असं मी जरा चाचरतच सांगितलं.

"ठाऊक आहे," ती म्हणाली आणि पुढचा फिल्टर लावला.

अतिनीलच्या शेवटच्या दोन फ्रेम जळाल्या, बाकी उत्तम आल्या. नोंदवहीत सूर्याच्या उंचीशेजारी तिने प्रत्येक वेळेचं नाव लिहिलं होतं. आठवड्याने पुण्याच्या सहकाऱ्याची मेल आली: "सगळे फ्लॅट मिळाले. पावा फिल्टरची फाईल तेवढी सापडत नाहीये."