मोठ्ठं

साडेतीन वर्षांच्या माझ्या भाचीचं सध्या एकाच विशेषणावर भागतं. जिना मोठ्ठा, चादर मोठ्ठी, आजी मोठ्ठी, बादलीतलं पाणीसुद्धा मोठ्ठं.

मला मात्र राहवत नाही. "जिना उंच आहे गं. चादर लांब. पाणी खूप." शिकवणीचा आव आणला की ती पळते, म्हणून हे सगळं कामाच्या ओघात. परवा चादरीची घडी घालत होतो. एक टोक तिच्याकडे, एक माझ्याकडे. "अर्धी केली. आता अर्ध्याची अर्धी." तिसऱ्या घडीला तिनं चादर दाबून पाहिली आणि म्हणाली, "छोटी झाली, पण जाड झाली!" हेच मी कागदावर चौकोन काढून समजवायला गेले असते तर दोघींनाही जांभया आल्या असत्या.

'कमी' या शब्दानं मात्र मला चकवलं. दोन डब्यांत मणी ठेवून विचारलं, "कशात कमी आहेत?" तिनं ठामपणे भरलेल्या डब्यावर बोट ठेवलं. गंमत करतेय म्हणावं, तर तसंही नव्हतं. डोनाल्डसन आणि बालफोर या संशोधकांनी १९६८ मध्ये लहान मुलांपुढे पुठ्ठ्याची दोन झाडं ठेवली होती, त्यांवर लटकवलेली सफरचंदं. कमी कुठे, असं विचारलं तरी बरीचशी मुलं जास्त सफरचंदांचं झाड दाखवत. मुलांना 'कमी'चा अर्थच उलटा लागतो, की शब्द ठाऊक नसला की हात आपसूक भरलेल्याकडे जातो, यावर पुढे बराच खल झाला. मला दुसरं पटतं. "अजून हवंय?" हे आपण दिवसभर विचारतो. "यात कमी आहे का?" हे कोण विचारतं?

मोजण्याचंही तसंच. ती पायऱ्या चढताना एक ते सात खणखणीत म्हणते. "मग पायऱ्या किती?" की पुन्हा खाली उतरून एकपासून सुरू! सात हा शेवटच्या पायरीचा नुसता उच्चार नाही, सगळ्या पायऱ्या मिळून सात, हे उमगायला वेळ लागतो. म्हणून हल्ली वर पोचल्यावर मी हात फिरवून म्हणते, "या सगळ्या सात पायऱ्या." समोर दिसणाऱ्या वस्तूंबद्दल असं बोलणं, तेही दोन-तीनवर न थांबता दहापर्यंत जाणं, जास्त उपयोगी पडतं, असं अभ्यासांतही दिसलंय.

मोठ्यांची भाषा तरी कुठे चोख असते म्हणा! "शंभरदा सांगितलं" म्हणजे तीनदा. "एकदाच खेळू" म्हणजे चारदा. काल फोनवर बोलता बोलता मी तिला "दोन मिनिटं थांब" म्हटलं आणि बोलतच राहिले. फोन ठेवला तेव्हा ती दारातच बसलेली.

"मावशी, तुझी दोन मिनिटं खूप लांब आहेत."

लांब की मोठी की जास्त, बरोबर शब्द कोणता, हे मलाही चटकन सुचेना.