खळ, वीण आणि रंग

आज कापडं निवडण्यातच दिवस गेला. गोधडीसाठी काढलेल्या ढिगातली निम्मी बाजूला पडली, आणि त्यातली बहुतेक खळीमुळे, म्हणजे कापड कडक करायला लावलेल्या स्टार्चमुळे.

नवं कापड हाताला कडक, भरीव लागतं म्हणून फसू नका. कोपरा दोन्ही हातांत धरून जोरात चोळा. पांढरी भुकटी झडली आणि कापड लुळं पडलं, तर तो भरीवपणा खळीचा. पहिल्या धुण्यात ती जाते आणि उरतं जाळीसारखं विरळ कापड. मग शिवणीपाशी धागे सरकतात, पाव इंचाची शिवण उसवते. उजेडासमोर धरलं तरी कळतं: वीण सगळीकडे सारखी हवी. पण फार घट्ट वीणही नको, चादरीच्या दाट कापडातून हाताची सुई निघता निघत नाही.

छापील चौकड्या असतील तर एक आडवा धागा ओढून बघा. छपाईची रेघ त्याला समांतर नसेल तर तुकडे कधीच जुळणार नाहीत. कितीही इस्त्री करा.

लाल आणि गडद निळ्याचा रंग सुटत नाही याची खात्री करायची तर ओला पांढरा रुमाल त्यावर घासा. शिवाय २० सेंटिमीटरचा चौकोन कापून गरम पाण्यात धुवा, वाळवा, मोजा. सुती कापड ३ ते ५ टक्के आटणं नेहमीचं, म्हणजे १९ च्या खाली गेलं तर आधी सगळंच धुऊन घ्यावं. सुती-पॉलिएस्टर एकाच गोधडीत मिसळलं की आटणं वेगवेगळं होतं, चुण्या पडतात.