चेनलाइन: 50 वरून 46.6 वर

जुन्या हायब्रिड सायकलला पुढे तीनऐवजी एकच चेनव्हील (पेडलजवळची दातेरी चकती) ठेवायचं काम चाललंय, त्यातला हा पुढचा टप्पा: चेनलाइन, म्हणजे फ्रेमच्या मध्यापासून चेनव्हीलच्या दाताच्या मध्यापर्यंतचं आडवं अंतर (मिमीत), कमी करणं. मागे 8 स्पीडची 11-34 कॅसेट तशीच आहे, म्हणजे आठ स्प्रॉकेटांचा (मागच्या दातेरी चकत्यांचा) संच, सगळ्यात लहान 11 दातांचं, सगळ्यात मोठं 34 चं. पुढे 38 दातांचं नॅरो-वाइड (एक दात अरुंद, एक रुंद), मधल्या चेनव्हीलच्या जागी आखूड बोल्टांवर. सायकल चालू लागली, पण 34 वर टाकली की खरखर, आणि पेडल उलटं फिरवलं की चेन 34 सोडून शेजारच्या स्प्रॉकेटवर उतरायची. नाशिकच्या कॉलेज रोडला हे खपून जातं. अंजनेरी फाट्यावरून डोंगराकडे चढताना मात्र 34 शिवाय गत नाही. म्हणजे पायाचा जोर सगळ्यात जास्त तिथेच चेन सगळ्यात तिरकी.

असं झालं की आपल्यातले बरेच जण आधी डिरेलरचे (चेन स्प्रॉकेटांवर हलवणाऱ्या यंत्रणेचे) स्क्रू पिळत बसतात. माझं मत विचाराल तर आधी व्हर्नियर (बारीक माप घ्यायचा कॅलिपर) काढा.

मागचं माप पहिलं, कारण ते हलवता येत नाही. हब (चाकाचा मधला भाग) 135 मिमी रुंद, अर्धे 67.5. ड्रॉपआउटच्या (चाक बसतं त्या फ्रेमच्या खाचेच्या) आतल्या बाजूपासून 11 च्या दाताच्या मध्यापर्यंत 5 भरले, म्हणजे ते स्प्रॉकेट फ्रेमच्या मध्यापासून 62.5 वर. 8 स्पीडमध्ये दोन स्प्रॉकेटांत 4.8 मिमी, असे सात टप्पे म्हणजे 33.6. त्यामुळे 34 चं स्प्रॉकेट 28.9 वर आणि कॅसेटचा मध्य 45.7 वर.

पुढे सीट ट्यूब (सीटखालचा उभा पाइप) 28.6 जाड, तिचे अर्धे 14.3. ट्यूबच्या उजव्या कडेपासून दाताच्या मध्यापर्यंत 35.7. बेरीज बरोबर 50. (चेनव्हील डुलत असेल तर समोरासमोरच्या दोन दातांवर माप घेऊन सरासरी काढा.) 50 हा आकडा माउंटन ट्रिपलच्या मधल्या चेनव्हीलचा नेहमीचाच, रोड डबलला 43.5 असतो. ट्रिपलमध्ये मोठ्या स्प्रॉकेटसाठी आतलं छोटं चेनव्हील असायचं. ते काढून टाकलं आणि मधल्यावर सगळा भार टाकला, तर 34 पर्यंत चेनला 21.1 मिमी आत झुकावं लागणारच.

जुना बीबी (बॉटम ब्रॅकेट, क्रँक म्हणजे पेडलचे दांडे ज्या एक्सलवर बसतात त्याचं बेअरिंग) चौकोनी टेपरचा, म्हणजे एक्सलची टोकं चौकोनी आणि निमुळती; तो ज्यात बसतो ते फ्रेमचं शेल 68 मिमी, एक्सल 122.5. एक्सल दोन्हीकडून सारखाच कमी होतो, म्हणून लांबीतल्या फरकाचा निम्माच चेनलाइनला मिळतो. 113 घेतला तर 9.5 चे निम्मे, 4.75. हिशोबाने 45.25. एक पथ्य मात्र पाळा: क्रँक जेआयएस (जपानी मानक) टेपरचा असेल तर एक्सलही जेआयएसच घ्या. आयएसओ (आंतरराष्ट्रीय मानक) क्रँक जेआयएस एक्सलवर चढवला तर तो साधारण 4.5 मिमी बाहेरच बसतो आणि सगळं गणित पाण्यात.

बीबीच्या उजव्या कपाला (शेलमध्ये आट्यांनी बसतो त्या भागाला) उलटे आटे असतात, तो घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने सुटतो. पावसाचं पाणी जाऊन माझा जाम झाला होता. रात्रभर गंजाचं तेल सोडलं, सकाळी सॉकेट क्रँकच्या बोल्टाने दाबून धरलं आणि पान्ह्याला पाइप लावला, तेव्हा कुठे कर्र करून हलला. शेलचे आटे ब्रशने घासले, ग्रीस लावलं.

नवा 113 बसवल्यावर माप आलं 45.6. कागदापेक्षा थोडं जास्त, पण दोन एक्सलांवर क्रँक तंतोतंत सारखा बसतोच असं नाही. कॅसेटच्या मध्याशी एवढं जुळलेलं पाहून कोणीही इथेच थांबला असता. पण चेनव्हील आणि चेनस्टे (बीबीपासून मागच्या चाकाकडे जाणारा फ्रेमचा पाइप) यांच्यात जेमतेम दीड मिमी उरला होता. उभं राहून पेडल मारलं की स्टीलची फ्रेम लवते. रंगावर दातांची चंदेरी रेघ लगेच उमटली.

मग उजव्या कपाच्या कडेखाली 1 मिमीची रिंग. इथे एक्सलसारखं निम्मं नाही, रिंग जेवढी जाड तेवढीच चेनलाइन बाहेर सरकते. बाजारात मिळेना, म्हणून अंबड एमआयडीसीत लेथवाल्या काकांकडे गेलो. आटे 34.8 मिमीचे, म्हणून भोक 35 चं सांगितलं. काका म्हणाले, "एका वॉशरसाठी मशीन लावू? दोन-तीन जाडीच्या घेऊन जा की." एकाच पाइपातून 0.7, 1 आणि 1.5 च्या कापून दिल्या, कडांची बर (कापताना उरलेली धार) काढून. अंबड-सातपूर हाताशी असणं हे नाशिककर सायकलवाल्याचं भाग्यच म्हणायचं.

1 ची रिंग घातली, क्रँकचे बोल्ट 40 न्यूटन-मीटरला आवळले. चेनलाइन 46.6, चेनस्टेपाशी अडीच मिमी मोकळे. मध्यापासून 0.9 बाहेर आहे, असू दे. दात फ्रेमला घासण्यापेक्षा बरं. 34 साठी चेन आता 17.7 मिमी आत झुकते. अंजनेरीचा चढ शांतपणे झाला, उलट्या पेडलला चेन 34 वरच राहते. 11 कडचं झुकणं 12.5 वरून 15.9 झालं, तिथे बारीक आवाज येतो. पण 11 लागतं ते त्र्यंबकहून परतताना उताराला, तेव्हा पायात जोर कुठे असतो!

दोन पेडलांतलं अंतर 9.5 मिमीने कमी झालंय आणि रिंगमुळे उजवा क्रँक डाव्यापेक्षा 2 मिमी बाहेर आहे. गुडघ्यांना अजून तरी काही जाणवलेलं नाही. आता उरलं चेनची लांबी आणि डिरेलरचा बी-स्क्रू (डिरेलर कॅसेटपासून किती लांब राहील ते ठरवणारा).