मावळतीकडचं दार

मराठवाड्यात देवळांचे फोटो काढून हात बसलेल्या माणसाला पहाटे उठायची खोड असते. हेमाडपंती देवळं बहुतेक उगवतीकडे तोंड करून असतात. कोवळं ऊन दारातून आत शिरतं, खांबांवरची नक्षी उठून येते आणि आठच्या आत काम आटोपून चहाच्या टपरीवर बसता येतं. हीच सवय घेऊन चर्चकडे गेलं की पहिला फोटो फसतो. जुन्या पद्धतीच्या चर्चमध्ये वेदी पूर्वेला आणि दार पश्चिमेला असतं. सकाळी सूर्य इमारतीच्या मागे, दर्शनी भिंत सावलीत आणि मनोऱ्यामागचं आभाळ पांढरंफटक. वेरूळची लेणी मावळतीकडे बघतात, म्हणून तिथं दुपार कलल्यावर जायचं, हे ज्याला ठाऊक आहे त्याला चर्चची वेळ वेगळी सांगावी लागत नाही.

अर्थात सगळी चर्चं ही शिस्त पाळत नाहीत. जागा मिळाली तशी आणि रस्ता होता तिकडे दार, असंही झालेलं दिसतं. म्हणून आदल्या दिवशी मोबाइलचं होकायंत्र लावून भिंतींच्या दिशा लिहून घ्याव्यात. दार पश्चिमेला असलेल्या चर्चची दक्षिणेची भिंत हिवाळ्यात दिवसभर उन्हात असते. उत्तरेच्या भिंतीला मात्र तेव्हा ऊन लागतच नाही. तिचा फोटो हवा तर मे-जूनची सकाळ किंवा संध्याकाळ गाठायची. 20 मे आणि 24 जुलैच्या आसपास भरदुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो, तेव्हा प्रत्येक कंगोऱ्याची सावली सरळ खाली सांडते आणि भिंत ओघळल्यासारखी दिसते. शिवाय मेच्या उन्हात मोबाइल तापून कॅमेराच बंद होतो. झळांमुळे झूम केलेला मनोरा पाण्यात पडल्यासारखा हलतो, तो वेगळाच.

मराठवाड्यात चर्चं आली त्याचा एक धागा छावण्यांचा. हैदराबाद कंटिन्जंट म्हणजे निजामाच्या खर्चानं चालणारी, इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालची फौज. तिच्या छावण्या औरंगाबाद, जालना, हिंगोलीला होत्या. इंग्रज अधिकारी आले तशी त्यांच्या प्रार्थनेची सोयही आली. दुसरा धागा मिशनचा. मिशनरी नारायण शेषाद्रींनी 1860 च्या दशकात जालन्यात काम सुरू केलं आणि पुढं जवळच बेथेल नावाचं गाव वसवलं. छावणीच्या भागात कॅमेरा बाहेर काढण्याआधी लष्कराची हद्द कुठवर आहे ते विचारून घ्यावं. ड्रोनचा तर तिथं विचारच नको. परवानगी कॅथलिक धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) फादरांकडे, इतर मंडळ्यांत पाळकसाहेबांकडे मागायची. रविवारी सकाळी मिस्सा किंवा उपासना चालू असताना तिवई घेऊन मधल्या वाटेत उभं राहणं म्हणजे कीर्तनात वीणेकऱ्याच्या पुढं जाऊन उभं राहणं.

सगळ्यात जास्त फोटो बिघडतात ते मान वर केल्यानं. कॅमेरा वर झुकवला की मनोरा मागे कलंडतो. कॅमेरा उभा धरायचा आणि त्याची नजर जमिनीला समांतर ठेवायची. 60 फुटी मनोरा मोबाइलच्या मुख्य लेन्समध्ये असा पूर्ण मावायला सुमारे 85 फूट मागे जावं लागतं. तेवढं आवार क्वचितच असतं. समोरच्या दुमजली घराच्या गच्चीवर गेलं, की कॅमेरा 25 फुटांवर येतो आणि 55 फुटांत भागतं. जमिनीवरून काढलेल्या फोटोत खालची जवळजवळ निम्मी चौकट नुसत्या मातीची, ती नंतर कापून टाकायची. अल्ट्रावाइड लेन्सचा मोह टाळावा. त्यात सगळं मावतं, पण कडेला उभा माणूस पोळीसारखा लाटला जातो.

दुसरी गंमत रंगाची. कॅमेरा जे दिसेल ते राखाडी धरून चालतो. चुन्याची भिंत त्यामुळे मळकट येते, म्हणून उजेड पाऊण ते एक स्टॉप वर (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड). काळ्या पाषाणाची भिंत उलट फिकट, धुरकट येते, म्हणून तेवढंच खाली. पावसात भिजलेला पाषाण गडद होतो, दरजांमधला चुना उठून दिसतो. मराठवाड्यात पाऊस मिळेल तेव्हा मिळतो, तेव्हा तो फोटो उद्यावर टाकू नये.

आत शिरलं की खिडक्या आणि बाक यांचं भांडण सुरू होतं. तिवई, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) 100, लेन्सचं छिद्र एफ-8, आणि दोन-दोन स्टॉपच्या फरकानं तीन-चार फोटो काढून नंतर जोडायचे. ट्यूबा बंद करा, नाहीतर अर्धी भिंत निळी आणि अर्धी पिवळी होते. पंखेही बंद, कारण शटर दोन सेकंद उघडं राहिलं की पात्यांचा भुंगा होतो. रंगीत काचेला ढगाळ दिवस चांगला. तिथं काचेपुरताच उजेड मोजायचा आणि भिंत काळी पडू द्यायची.

आवारात कबरी असतील तर तिथं नेमकी सगळ्यांनी टाकलेली वेळ कामाची. झिजलेली अक्षरं समोरच्या उन्हात सपाट होऊन जातात. आपल्याकडे सूर्य माथ्यावर येतो साडेबाराच्या मागेपुढे. पूर्वेकडे तोंड असलेल्या उभ्या दगडाला त्याच्या थोडं आधी ऊन अगदी घासून जातं आणि प्रत्येक खाचेत सावली भरते. दहा मिनिटांपूर्वी नुसता खरबरीत दिसणारा दगड एकदम वाचता येतो: आधी नाव, मग पलटण, मग साल. पश्चिमेकडच्या दगडाला हेच थोड्या वेळानं. ढग आले तर बॅटरी बाजूनं, दगडाला जवळजवळ चिकटवून धरायची. गावाबाहेरच्या वीरगळीला हीच युक्ती चालते. खडू, पीठ, तेल मात्र काही चोळायचं नाही. ते छिद्रांत बसतं आणि घासून काढताना अक्षरच जातं.

विजेच्या तारा, दारातल्या स्कूटी, नळावरची बादली हे सगळं काढून टाकायची घाई करू नये. तारा टाळायला दोन पावलं सरकलं तरी बऱ्याचदा पुरतं. बादली राहू द्यावी. लोकांचं येणं-जाणं चालू आहे, हे तीच सांगते.

नाताळच्या आठवड्यात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. सव्वासहा ते साडेसहा आभाळ निळं असतं आणि दारावरची चांदणी पेटलेली असते. झगमगत्या माळांसाठी शटर सेकंदाच्या एकपन्नासांशपेक्षा वेगवान ठेवलं तर निम्मे दिवे विझलेले येण्याची भीती. हात हलत असेल तर मोबाइल फाटकाच्या खांबाला टेकवा.