खोट्या उड्डाणावर भरवसा कसा ठेवायचा?

मी मॉडेलिंगचं, म्हणजे खऱ्या घटनांची गणिताने नक्कल करण्याचं काम करते हे कळलं, की हा प्रश्न येतोच: सिम्युलेशन, म्हणजे ही नक्कल, शेवटी सोंगच ना? मग त्यावर भरवसा कसा ठेवायचा?

आहे सोंगच. पण झोपेचं सोंग घेतलेल्याला उठवता येत नाही, कारण आपण काय दडवतोय हे तो कबूल करत नाही. सिम्युलेशन करणाऱ्याने नेमकं उलट वागायचं असतं. काय गृहीत धरलं, काय सोडून दिलं, हे आधी सांगायचं. जो सांगत नाही त्याच्या निकालावर मी तरी विसंबणार नाही.

15 जानेवारी 2009 ला न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळावरून उडालेल्या विमानाला पक्षी धडकले. दोन्ही इंजिनांची ताकद गेली. कॅप्टन सलेनबर्गर यांनी विमान हडसन नदीत उतरवलं आणि आतले सगळे 155 जण वाचले. पुढे तपासात वैमानिकांना सिम्युलेटरमध्ये, म्हणजे उड्डाणाची नक्कल करणाऱ्या खोट्या कॉकपिटमध्ये बसवून तोच प्रसंग उभा केला गेला. पक्षी धडकताक्षणी विमान वळवलं, तर अनेकदा ते धावपट्टी गाठत होतं. म्हणजे नदीत उतरायची गरजच नव्हती? पण सिम्युलेटरमधल्या वैमानिकांना पुढे काय घडणार हे ठाऊक होतं. खऱ्या कॉकपिटमध्ये आधी काय बिघडलंय ते उमगावं लागतं, मग इंजिन पुन्हा सुरू होतंय का ते बघावं लागतं. या सगळ्यासाठी 35 सेकंद धरून पुन्हा चाचणी घेतली, तेव्हा विमान धावपट्टीपर्यंत पोहोचलंच नाही. विमानाचं गणित दोन्ही वेळा एकच होतं. पहिल्यांदा माणसाला विचार करायला लागणारा वेळ तेवढा हिशेबातून सुटला होता. अहवालात दोन्ही निकाल नोंदवलेत, आणि मला त्या अहवालाबद्दल आदर वाटतो तो त्यामुळेच.

ब्रिटिश गणितज्ञ लुईस फ्राय रिचर्डसन यांच्याबद्दलही तसाच आदर आहे. त्यांनी 20 मे 1910 या उलटून गेलेल्या दिवसाचं हवामान हाताने गणित करून काढलं. उत्तर आलं: सहा तासांत हवेचा दाब 145 मिलिबारने वाढेल. प्रत्यक्षात दाब जवळपास हललाच नव्हता. इतकं चुकलेलं उत्तर त्यांनी 1922 मध्ये सगळ्या आकडेमोडीसकट छापलं. म्हणून तर पुढच्यांना दोष सापडला. पद्धत मुळात बरोबर होती. सुरुवातीला घेतलेल्या दाबाच्या आणि वाऱ्याच्या आकड्यांचा एकमेकांशी मेळ नव्हता.

सुरुवातीचे आकडे आजही अचूक नसतात. त्यामुळे हवामानाचं मॉडेल एकदा चालवून थांबत नाहीत. सुरुवात किंचित बदलून पुन्हा पुन्हा चालवतात. 50 वेळा चालवल्यावर 30 वेळा पाऊस आला, तर पावसाची शक्यता साधारण 60 टक्के धरतात. उरलेल्या 20 वेळा पाऊस आला नव्हता, हेही त्याच आकड्यात सांगितलेलं असतं.