तुम्ही विचारलंत म्हणून: सगळ्यात भारी पैलवान कोण?

आमच्या पिठाच्या गिरणीत मागच्या भिंतीला डब्ल्यूडब्ल्यूईतला जुना पैलवान ब्रेट हार्टचं एक पोस्टर आहे, गुलाबी-काळ्या ड्रेसातलं, त्यावर पिठाचा एवढा थर बसलाय की गुलाबी रंग आता मलाच दिसतो. दळण घेऊन आलेली पोरं, आणि आता त्या पोरांची पोरं, उभ्या उभ्या एकच विचारतात, मामा, डब्ल्यूडब्ल्यूईतला सगळ्यात भारी कोण, अंडरटेकर का सीना? आणि मागं बाकड्यावर बसलेलं कोण तरी वयस्कर माणूस लगेच बोलतंच, ते सगळं नुरा, आधी ठरवून केलेलं असतंय रे, त्यात भारी कोण नि हलका कोण. दळण होईस्तोवर दोघांनाही पुरतं उत्तर देऊन होत नाही, म्हणून एकदाच लिहून टाकतोय.

आधी नुराचं बोलू. आमचा चिकोडी तालुका, दूधगंगेचा काठ, एकसंबा इथनं हाकेवर. त्या एकसंब्याचे श्रीपती खंचनाळे 1959 साली पंजाबच्या बंतासिंगला हरवून पहिले हिंदकेसरी झाले, आमच्या आजोबांच्या पिढीला त्या कुस्तीचं अजून कौतुक होतं. कुस्ती म्हणजे निकाली, पाठ मातीला लागली की विषय संपला. दोघांनी आधी ठरवून कुस्ती केली असा नुसता वास आला तरी आमच्याकडं जत्रेच्या मैदानात लोक उठून उभे राहतात, मग हलगी थांबते आणि पंचांना पळायची वेळ येते. त्यामुळं म्हाताऱ्या माणसांना रिंगमधली कुस्ती रुचत नाही हे मला पटतंय, त्यांचं चुकत नाही.

खरं मी दोन वर्षं तालमीत होतो, तेरा-चौदा वर्षांचा असताना, आणि तिथं एक गोष्ट बघितली. एक मोठा पैलवान होता, शंभर किलोच्या घरातला, वस्तादांनी त्याला माझ्याबरोबर सरावाला धरायला सांगितलं. त्यानं ढाक लावली. मी हवेत, आढ्याचा बल्ब पायाखाली गेल्यासारखा दिसला, आता मान मोडली असं वाटलं आणि धप्पकन पडलो, खरं मान कुठं लागलीच नाही. उठून बघतोय तर त्याचा पंजा माझ्या मानेखाली मातीत रुतलेला, बोटांच्या मागचं सालटं निघालेलं. वस्ताद मला काहीच बोलले नाहीत, बाकीच्या पोरांना म्हणाले, बघितलासा का, हात कुठं होता त्याचा?

रिंगमधली कुस्ती मी तेव्हापासून त्या हाताकडं बघत बघतो. निकाल ठरलेला असतोय हे खरंच आहे, पडणं खोटं नसतंय. फळ्यांवर पातळ गादी आणि वर ताणलेलं कॅनव्हास, त्यावर माणूस डोक्यावरनं आपटायचा म्हणजे त्याची मान तुमच्या हातात आणि तुमची त्याच्या. माझी यादी जिंकलेल्या बेल्टांवर नाही, या हातावर आहे.

म्हणून एक नंबर ब्रेट हार्ट. तो स्वतः सांगतो की एवढ्या वर्षांत माझ्या हातनं समोरचा कुणी गंभीर जखमी झाला नाही, आणि त्याला याचाच सगळ्यात जास्त अभिमान आहे. त्याच्याबरोबर काय झालं बघा, डिसेंबर 1999 मध्ये समोरच्या गोल्डबर्गची एक लाथ नेम चुकून डोक्यात बसली, मेंदूला मार लागला आणि त्यामुळंच पुढं वर्षभरात त्याला निवृत्त व्हायला लागलं, 2002 मध्ये स्ट्रोक पण आला. ज्यानं सगळ्यांना सांभाळलं त्याला सांभाळणारा हात नेमका त्या दिवशी चुकला, मला अजून हे लिहिताना वाईट वाटतंय. आणि 1997 ची कॅनडातल्या मॉन्ट्रियलची कुस्ती तर तुम्हाला माहीत असंलच, समोरच्या शॉन मायकल्सनं ब्रेटचाच शार्पशूटर, म्हणजे पाय अडकवून पाठ वाकवायचा डाव, ब्रेटला लावला, ब्रेटनं हार मानलीच नव्हती तरी मालक व्हिन्स मॅकमेहननं रिंगजवळ उभं राहून घंटा वाजवायला लावली. ठरलेल्या कुस्तीत सुद्धा दगा होतो तो असा.

हा दगा काय नवा नव्हे. गामा पैलवानाबरोबर 1910 ला लंडनमध्ये अडीच तासांच्या आसपास लढून बरोबरी केलेला तो झिबिस्को, तोच पुढं अमेरिकेत ठरवून होणाऱ्या कुस्त्यांत गेला, आणि 1925 मध्ये वेन मन नावाच्या चॅम्पियनकडून हरायचं ठरलेलं असताना त्यानं खरी कुस्ती करून मनला पाडून टायटलच नेलं. हा वेन मन अमेरिकन फुटबॉलपटू होता, अंगानं दांडगा, डाव काय येत नव्हते. मग असा दगा झाला तरी पट्टा राखंल असा, खरी कुस्ती येणारा माणूस चॅम्पियन पाहिजे असं प्रमोटर लोकांना वाटायचं, आणि त्यातला सगळ्यात पक्का म्हणजे लू थेझ. दारासिंगनं 1968 मध्ये मुंबईत हरवला तो हाच. बाकड्यावरच्या आजोबांना मी थेझचं सांगतो तेव्हा ते जरा सरकून बसतात. माझ्या यादीत थेझ दोन नंबरला.

तीन नंबर शॉन मायकल्स. त्याचा मी कितीतरी वर्षं राग राग केला, मॉन्ट्रियलमुळं. खरं तो 1998 ला पाठ जायबंदी होऊन गेला ते चार वर्षांनी परत आला, आणि 2009 च्या रेसलमेनियाला, म्हणजे डब्ल्यूडब्ल्यूईच्या वर्षातल्या सगळ्यात मोठ्या कार्यक्रमाला, अंडरटेकरबरोबर जी कुस्ती केली ती बघून राग सुटला. त्यात अंडरटेकर दोरावरनं बाहेर उडी मारतो, खाली कॅमेरामनच्या वेषात त्याला झेलायला माणूस ठेवलेला असतो, तो झेल नीट होत नाही आणि एवढा सहा फूट दहा इंचाचा माणूस डोक्यावर पडतो. तरी दोघांनी कुस्ती पुरी केली, आणि तीही अशी की आजही पोरांना तीच दाखवतो.

अंडरटेकर चौथा, आणि त्यावरनं पोरं माझ्याशी भांडतात. 1990 पासून 2020 पर्यंत लोकांनी त्याला मानलं, रेसलमेनियात सलग 21 जिंकून 2014 ला ब्रॉक लेस्नरनं पहिल्यांदा हरवलं तेव्हा स्टेडियममधली माणसं तोंडावर हात ठेवून गप्प बसली होती. आमच्या घरी पण त्या दिवशी मी जेवलो नाही. मग रिक फ्लेअर, 1975 मध्ये विमान पडून पाठ तीन ठिकाणी मोडली, डॉक्टर नको म्हटले तरी परत आला आणि 16 वेळा चॅम्पियन झाला. स्टीव्ह ऑस्टिन त्याच्या खाली. 1997 मध्ये पाइलड्रायव्हर, म्हणजे उलटा धरून डोक्यावर आपटायचा डाव, चुकून मान गेली, काही क्षण हातपाय हलेनात, तरी सरपटत जाऊन कुस्ती संपवली, आणि शेवटी त्याच मानेमुळं 2003 ला नियमित लढणं सोडायला लागलं.

सीना? 2025 मध्ये त्यानं 17 वा टायटल घेऊन फ्लेअरला मागं टाकलं, मेहनतीत त्याच्यासारखा कोण नाही, पहिल्या दहात घेतो. होगन लोक गोळा करण्यात एक नंबर, कुस्तीत नव्हे. खली 2007 ला चॅम्पियन झाला तेव्हा आमच्या गल्लीत पण फटाके वाजले, तो आनंद खरा होता, यादीत मात्र नाही. आणि पूर्वी पोरं खेळायची त्या पैलवानांच्या ट्रम्प कार्डावरची रँक विसरा, त्यात उंची, वजन, छाती, बायसेप्स सगळं होतं, फक्त हात कसा आहे ते नव्हतं.

अजून पटत नसंल तर 1992 चा समरस्लॅम, त्यांचाच दुसरा मोठा कार्यक्रम, बघा, लंडनचं वेम्बली, 80 हजार माणसं, समोर ब्रेटच्या बहिणीचा नवरा ब्रिटिश बुलडॉग. ब्रेटनं नंतर सांगितलं की सुरुवातीलाच बुलडॉग सगळं विसरून गेला होता, मग ब्रेटनंच कानात सांगत सांगत 25 मिनिटं कुस्ती ओढली, पाहुण्याला त्याच्या देशात मोठा केला. शेवटी ब्रेट त्याच्या अंगावरनं जाऊन गुंडाळायला बघतो, बुलडॉग वर बसून पाय अडकवतो, एक, दोन, तीन. ब्रेट हरतो. त्यानंतर कॅमेरा सोडू नका, ब्रेट आधी हात मिळवत नाही, तोंड फिरवतो, आणि मग परत वळून भावजीला मिठी मारतो, बहीण पण येते. पुढच्या वेळी दळण घेऊन आलासा की मोबाईल माझ्याकडं द्या, तेवढं मी काढून देतो.