किल्लारी, माकणीचं धरण आणि मामाची मागची खोली

२०२४ च्या जुलैत हिंगोलीकडं भूकंपाचा ४.५ चा धक्का बसला, सकाळी सव्वासातच्या सुमाराला, नांदेड-परभणीपर्यंत जाणवला. त्याच वर्षी मार्चमध्येही तेवढाच एक होऊन गेला होता. जुलैच्या त्या सकाळी अर्ध्या तासात आमच्या आजोळचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप नुसता भरून गेला. कोणी म्हणे बोअर फार झालेत, जमीन आतनं पोकळ झाली. कोणी म्हणे धरण. कोणी म्हणे खाणीतलं ब्लास्टिंग. एकानं फॉरवर्ड टाकला की रात्री अकराला मोठा येणार, सगळ्यांनी बाहेर झोपा. मावशीनं लिहिलं, पाप वाढलं की धरणीमाय हालतेच. आणि मग मामा, जो एरवी ग्रुपवर शुभ सकाळशिवाय काही टाकत नाही, त्यानं एवढंच लिहिलं, "त्र्याण्णवला बी लोक हेच म्हणायलेते."

तेव्हापासून हे लिहायचं डोक्यात आहे.

३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, गणपती बोळवून लोक रात्री उशिरा घरी आले आणि गाढ झोपले. किल्लारीचा भूकंप ६.२ चा. जगात ६ ते ७ च्या मधले भूकंप दरवर्षी शंभराच्या वर होतात आणि त्यातल्या कितीतरींची आपल्याकडं बातमीसुद्धा येत नाही, पण या एका भूकंपात सरकारी आकड्यानुसार ७,९२८ माणसं गेली, १६ हजारांच्या आसपास जखमी झाली, लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली गावंच्या गावं सपाट झाली. किल्लारी, सास्तूर, ही नावं त्याआधी जिल्ह्याबाहेर कोणाला ठाऊक नव्हती.

आम्ही लातुरात होतो, मी पाचवीत. आईनं मला हाताला धरून अंगणात ओढलं एवढंच आठवतं आणि मांडणीवरची भांडी एकामागून एक खाली येतानाचा आवाज. आजोळ औसा तालुक्यात. तिथं आम्ही चार दिवसांनी गेलो. आमच्या घरातलं कोणी गेलं नव्हतं, शेजारच्या दोन घरातले गेले होते. घराची पुढची भिंत रस्त्यावर उताणी पडलेली, दगडांचा नि मातीचा ढीग, पण आत सागवानी खांब, त्यावरची तुळई, वरचं माळवद म्हणजे मातीचं छत, सगळं जिथल्या तिथं उभं. भिंतच नाही आणि घर उभं, असं मी त्याआधी कधी बघितलं नव्हतं. खांबाच्या खुंटीला आजीची कापडी पिशवी तशीच लटकत होती. ते चित्र माझ्या डोळ्यापुढून आजही हलत नाही.

आता त्या वेळच्या चर्चेकडं येते. दिवाळीपर्यंत जिकडंतिकडं एकच विषय होता, माकणीचं धरण. तेरणा नदीवरचं निम्न तेरणा. ते भरलं म्हणून भूकंप झाला, असं चहाच्या टपरीपासून वर्तमानपत्रांपर्यंत सगळीकडं बोललं जात होतं. आणि लोकांना त्यात काही वेडगळपणा वाटला नाही कारण महाराष्ट्रानं कोयना बघितलेलं होतं. ११ डिसेंबर १९६७ ला पहाटे कोयनानगरला ६.३ चा भूकंप झाला, सुमारे १८० माणसं गेली. १०३ मीटर उंचीचं ते धरण, साठच्या दशकाच्या सुरुवातीला पाणी साठायला लागलं आणि त्यानंतर तिथं बारीक-बारीक धक्के सुरू झाले ते आजतागायत थांबलेले नाहीत. आधी अनेक जाणकार मानायला तयार नव्हते, योगायोग आहे म्हणायचे, मग हर्ष गुप्तांसारख्या भूवैज्ञानिकांनी वर्षानुवर्षं धक्क्यांच्या नोंदी आणि पाण्याची पातळी शेजारी-शेजारी ठेवून दाखवली, आणि आज जगात जलाशयामुळं होणाऱ्या भूकंपाचं उदाहरण द्यायचं तर पहिल्यांदा कोयनेचंच नाव घेतात. पाण्याचं नुसतं वजन नाही, पाणी खडकातल्या भेगांमधून खाली मुरतं, आतला दाब वाढतो आणि आधीच ताण खाऊन बसलेला जुना फॉल्ट, म्हणजे खडकातली मोठी भेग, सरकायला निमित्त मिळतं. म्हणजे धरणावर संशय घेणारा माझा मामा अडाणी नव्हता, त्यानं आपल्याच राज्यातला दाखला लावून बघितला होता.

पण किल्लारीची गोष्ट वेगळी. माकणीचा तलाव कोयनेच्या मानानं फारच उथळ. काही शास्त्रज्ञांनी पाण्याचा हातभार असू शकतो असं मांडलं, बऱ्याच जणांना ते पटलं नाही, आणि तो वाद अभ्यासकांमध्ये पुढं बरीच वर्षं चालला. भूकंपाचं मुख्य कारण असं की भारताची प्लेट, म्हणजे ज्या खडकाच्या तबकडीवर आपण बसलोय ती, वर्षाला साधारण ५ सेंटिमीटर उत्तरेकडं सरकते, हिमालयाला रेटते, आणि त्या रेट्याचा ताण पार आपल्या दख्खनच्या पठाराखालच्या खडकापर्यंत येतो. किल्लारीला नंतर बोअर घेऊन बघितलं तेव्हा तीनशे मीटरच्या वर काळा बसाल्ट आणि त्याच्या खाली फार जुना खडक लागला. या जुन्या खडकात कमकुवत जागा आहेत, त्यातली एक त्या पहाटे सरकली, तीही दहा किलोमीटरपेक्षा कमी खोलीवर, म्हणून वरची गावं थेट तिच्या तडाख्यात सापडली.

मावशीच्या पापाच्या मुद्द्यावर मी ग्रुपवर काही बोलले नाही, मोठ्या माणसांना असं सगळ्यांसमोर तोडून बोलवत नाही. इथं बोलते. हा वाद फार जुना आहे आणि फार मोठ्या माणसांमध्ये झालेला आहे. १५ जानेवारी १९३४ ला बिहार-नेपाळात प्रचंड भूकंप झाला, तेव्हा गांधीजी म्हणाले की ही अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा आहे, आणि रवींद्रनाथ टागोरांनी त्याला जाहीर हरकत घेतली. गांधीजींनी ती हरकत आपल्याच हरिजन साप्ताहिकात छापली, हा त्यांचा मोठेपणा. अस्पृश्यतेबद्दलची त्यांची तळमळ शंभर टक्के खरी होती, तरी माझं मत टागोरांच्या बाजूनं. शिक्षाच असेल तर ती सगळ्यात आधी मातीच्या भिंतीआड झोपलेल्या लेकराला का, याचं उत्तर मला आजवर कोणी दिलेलं नाही. आजोळच्या शेजारच्या घरातली जी मुलगी गेली, ती तिसरीत होती.

मला खरा त्रास कशाचा होतो ते सांगते. धरण, ब्लास्टिंग, पाप, या सगळ्यावर भांडता-भांडता एक गोष्ट मागंच राहिली. १९९२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात किल्लारीला धक्के बसत होते. एक-दोन नाही, बरेच. भिंतींना तडे गेले, लोक भिऊन बाहेर झोपायला लागले. मग धक्के कमी झाले, लोक परत आत गेले. भूकंप कधी येणार ते कोणालाच सांगता येत नाही, आजही येत नाही (रात्री अकरावाला फॉरवर्ड म्हणून सरळ डिलीट करा), त्यामुळं त्या वर्षी तारीख कोणी सांगायला हवी होती असं माझं म्हणणंच नाही. पण तडे गेलेल्या भिंतीकडं बघायला काय लागत होतं? तेव्हाच्या सरकारी नकाशात हा सगळा भाग भूकंपाच्या दृष्टीनं सगळ्यात सुरक्षित, झोन एक. नकाशाच सुरक्षित म्हणतोय तर भिंतीकडं कोण बघणार? २००२ मध्ये नकाशा बदलला, झोन एक काढूनच टाकला, लातूर झोन तीनमध्ये गेलं. कोयनेचंही असंच, तिथला झोनही भूकंप झाल्यावरच वाढला. आपल्याकडं आधी माणसं जातात आणि मग नकाशाचा रंग बदलतो.

आणि भिंती कशा होत्या? ज्यांनी माळवदाचं घर बघितलं नाही त्यांच्यासाठी सांगते. दोन-अडीच फूट जाडीची दगडाची भिंत, पण ती एक भिंत नसतेच मुळी, बाहेरून एक थर, आतून एक थर आणि मधे दगडगोट्यांची नि मातीची भर. दोन्ही थरांना आरपार धरून ठेवणारा लांब दगड, ज्याला थ्रू स्टोन म्हणतात, तो बहुतेक ठिकाणी नव्हताच. वर लाकडी खण, म्हणजे खांब-तुळयांचा सांगाडा, त्यावर फळ्या, आणि त्यावर पांढरी माती. ती माती दर उन्हाळ्यात, पावसाच्या आधी, आजोबा स्वतः घमेल्यानं वर चढवायचे, गळू नये म्हणून. दरवर्षी थोडी-थोडी, तीन पिढ्या. उन्हाळ्यात ते घर असं गार असायचं की दुपारी पांघरूण घ्यावं वाटायचं, आणि ते बांधणारे मूर्ख होते असं म्हणणाऱ्यांचा मला रागच येतो. फक्त ती भिंत हादरली की दोन थर एकमेकांपासून सुटतात, पोटातली माती फुगून बाहेर येते आणि दगड कोसळतात. भिंतीलगत झोपलेले दगडाखाली गेले, आणि जिथं छताचा भार लाकडी खणावर न घेता भिंतीवरच टेकवला होता तिथं सगळं माळवद अंगावर आलं. आमच्याकडं खण उभा राहिला म्हणून आम्हाला आजी राहिली.

नंतरचं पुनर्वसन, यावर तर चर्चा अजूनच कमी झाली. काम मोठं झालं, मनापासून सांगते, जागतिक बँकेच्या कर्जातून आणि देणगीदार संस्थांच्या मदतीनं ५२ गावं पूर्ण नव्या जागी वसवली आणि हजारो गावांमध्ये घरं आहे त्या जागी दुरुस्त आणि मजबूत केली. दुरुस्तीच्या कामात कितीतरी गावांत बाया घरोघरी फिरून समजावून सांगत होत्या, हे माझ्या आईलाही त्यानंतर खूप वर्षांनी कळलं. पण नव्या गावांतली घरं कशाच्या हिशोबानं वाटली माहितीये? कोणाकडं जमीन किती, त्यावर. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंतवाल्याला २५० चौरस फूट, एक ते सात हेक्टरवाल्याला ४००, सातच्या वर असेल त्याला ७५०. भूकंपानं सगळ्यांना एकाच मातीत लोळवलं होतं, आणि सरकारी कागदानं त्यांना परत होते तिथं नेऊन बसवलं. घरात माणसं किती, हा प्रश्नच नाही. याच्यावर त्या वर्षी चौकाचौकात भांडणं व्हायला हवी होती, माकणीवर झाली त्याच्या दसपट. आणि आखणी अशी की सरळ रेषेतले रस्ते, एकसारखी घरं, ना ओसरी ना बैठक, जनावरं कुठं बांधायची ते त्यात धरलेलंच नाही. मी एका नव्या गावात लग्नाला गेले होते, तिथली एक म्हातारी म्हणाली, "घर पक्कं हाय बाई, पर शेजार राहिला नाही."

धरणावरची चर्चा चुकीची होती असं मी म्हणत नाही, कोयनेचा अभ्यास लोकांनी आणि शास्त्रज्ञांनी लावून धरला म्हणूनच आज तिथं एवढ्या नोंदी होतात. पण धरणाचं उत्तर हो आलं काय नि नाही आलं काय, मामाच्या भिंतीला त्यानं काही फरक पडत नव्हता. ती भिंत मामाच्या हातात होती, गावातल्या गवंड्याच्या हातात होती.

म्हणून जुलैच्या त्या दिवशी मी ग्रुपवर एकच विचारलं, मामा, आपल्या घराला लिंटेलचा पट्टा आहे का? म्हणजे दारा-खिडक्यांच्या वरून सगळ्या भिंतींवर सलग फिरणारी सळईची आणि काँक्रीटची पट्टी, जिच्यामुळं भिंती एकमेकींना धरून राहतात. दुरुस्तीच्या वेळी तो घालायला लावला होता असं मला पुसट आठवत होतं. ग्रुपवर कोणी काही बोललं नाही, पुन्हा बोअरवर चर्चा सुरू झाली.

रविवारी मामाचा फोन आला. शिडी लावून त्यानं दाराच्या वरचं प्लॅस्टर छिन्नीनं उकरून बघितलं होतं. "हाय गं, पुढं चारी भिंतीवर सलग हाय, त्या वक्ताला इंजिनियर उभा राहून करून घेतलं होतं. मागची खोली मात्र आपण धाकट्याच्या लग्नात वाढवली ना, तिला नाही. नुसती विटावर वीट." मग थोडा वेळ गप्प बसला. त्या खोलीत आता त्याची दोन नातवंडं झोपतात.

गवंड्याला बोलावलं. तो म्हणाला, छत न काढता भिंतीला दोन्ही अंगानं जाळी ठोकून, आरपार सळयांनी बांधून, वर सिमेंटचा जाड पट्टा मारता येतो, कोपऱ्यांना जास्त लागेल, आठ-दहा दिवसांचं काम. काम होईपर्यंत पोरांची अंथरुणं पुढच्या खोलीत, जुन्या खांबापाशी घातली.